अव्वाला हात कोण लावणार

अव्वा मेली तेव्हा ऊन कोवळं होतं. तिला हात कोण लावणार हे ठरेपर्यंत ते कलून गेलं. त्या मधल्या वेळेत काय काय झालं ते लिहून ठेवते आहे. कुणाला झोंबलं तर झोंबू द्या.

अव्वा म्हणजे मेंढी. कानडीत अव्वा म्हणजे आई. देगलूरच्या पलीकडून, सीमेलगतच्या एका गावातून एक धनगरीण दरवर्षी सुगी सरली की मेंढरं घेऊन आमच्या जळकोट तालुक्यात येते. आम्ही तिला मावशी म्हणतो. नवरा गेल्यापासून कळप तीच हाकते. रिकाम्या वावरात मेंढरं बसवायची, लेंड्यांनी जमिनीला खत मिळतं, बदल्यात शेतकरी धान्य देतो आणि हौदावर पाणी पाजू देतो. वर्षानुवर्षं चाललेला व्यवहार. कळपातली सगळ्यात म्हातारी मेंढी ती अव्वा. ती निघाली की बाकीच्या मान खाली घालून मागं.

मी नांदेडला राहते. एका संघटनेसाठी पत्रकं लिहिते आणि वाटते. रेशन, पाणी, मजुरी, दवाखान्यात नसलेली औषधं. पत्रक कसं लिहायचं ते मला झोपेतून उठवून विचारा: पहिल्या ओळीत अन्याय, दुसरीत तो कुणी केला, तिसरीत मागणी, आणि 'कदाचित' हा शब्द कुठंच नाही. गावी येते ती सणाला किंवा भांडायला. त्या होळीला दोन्ही झालं.

अव्वा मागच्या पायांनी डुलायला लागली होती. उभी राहायची ती पाय फाकवून. चालायची तेव्हा पुढचे पाय वाटेनं आणि मागचे बांधाकडं. ताप नव्हता, चारा खात होती. मावशीनं आधी आपल्या पद्धतीनं तापल्या सळईचा डाग दिला कपाळावर. मग जळकोटच्या सरकारी दवाखान्यातून जनावरांचे डॉक्टर आले. मेंढीच्या मेंदूत कृमीची पिशवी धरली तरी ती अशी करते, म्हणून त्यांनी त्याचा इलाज केला. उतार पडला नाही. एक दिवस ते तिच्यासमोर उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "स्क्रेपीचा तो वेगळा प्रकार तर नसेल?"

एवढंच. पण तो शब्द ऐकायला शेजारी सर उभे होते.

सर म्हणजे सरपंचबाईंचे यजमान. गावात खुर्ची बाईंची, सही बाईंची आणि आवाज सरांचा. उदगीरला कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात, मोटारसायकलनं जाऊन येऊन करतात. त्यांनी तो शब्द मोबाईलवर शोधला आणि संध्याकाळपर्यंत गावाच्या ग्रुपवर परदेशातल्या थरथरणाऱ्या गाईंचे व्हिडिओ येऊन पडले. मेंढीचा मेंदू सडतो, ते गाईत जातं, गाईतून माणसात जातं. मातीत राहतं. उकळून मरत नाही. खाली हात जोडल्याची चित्रं.

ग्रुपवरच निकाल लागला. मेंढरं गायरानात. वावरात नाहीत, रस्त्यावर नाहीत, हौदावर तर नाहीतच. शेजारच्या गावांनाही खबर गेली, त्यांनी शिवेवर माणसं बसवली. मावशीला पुढं जाता येईना, मागं जाता येईना. गायरानात दगड आणि बाभळी. कळपात बऱ्याच मेंढ्या नुकत्या व्यालेल्या. पाण्यावाचून त्यांचं दूध आटायला लागलं आणि कोकरं कोरड्या सडांना ढुशा देत राहिली. मावशी ओढ्याच्या वाळूत खड्डा करून वाटीवाटीनं पाणी काढायची. आज हिला, उद्या तिला. असा कळप जगत नसतो.

मी जळकोटला जाऊन डॉक्टरांना धरलं. माझ्याच वयाचा माणूस, पहिलीच नेमणूक.

"डॉक्टर, एक ओळ लिहून द्या. हा रोग पसरत नाही. सही, शिक्का. उद्या छापून आणते."

"तसं लिहिता येत नाही, ताई."

"म्हणजे पसरतो?"

"तसंही लिहिता येत नाही."

"मग तुमच्या शिकण्याचा उपयोग काय?"

माणूस चिडला नाही. टेबलावर औषधाचं रिकामं खोकं होतं, त्याचं झाकण त्यानं उलटं दुमडलं. म्हणाला, "हा जंतू नाही, विषाणू नाही. मेंदूतलं एक प्रथिन असं वाकडं दुमडतं आणि शेजारच्या चांगल्यालाही वाकडं करत जातं. त्याला प्रायॉन म्हणतात. मेंढ्यांत या रोगाला स्क्रेपी म्हणतात, त्याचे दोन प्रकार. एक जुना, माहितीतला. तो पसरतो. विताना वार पडते, पाणी पडतं, त्यातून कोकराला, दुसऱ्या मेंढीला, आणि जमिनीतही राहतो. दुसरा विचित्र. तो बहुतेक म्हाताऱ्या मेंढीला होतो, बहुतेक कळपात एकटीलाच, जणू आतल्या आत आपोआप. अव्वाचं चालणं मला त्यातलं वाटतं. वाटतं, बरं का. दुसरं काहीही असू शकतं."

"हा दुसरा पसरत नाही ना? हेच लिहा."

"प्रयोगशाळेत आजारी मेंढीचा मेंदू दुसरीच्या मेंदूत टोचला तेव्हा तिला झाला. कोकरांना खाऊ घातला तेव्हाही झाल्याचं दिसलं आहे. मोकळ्या रानात एकीचा दुसरीला झाला असं ठामपणे कुणी दाखवलेलं नाही. माणसाला झाल्याचंही माझ्या माहितीत नाही. पण 'कधीच नाही' हे मी कशाच्या जिवावर लिहू?"

मी दवाखान्याच्या पायरीवर बसून ते पत्रकात बसवून पाहिलं. 'गावकऱ्यांनो, घाबरू नका, पण नक्की काय ते आम्हालाही माहीत नाही.' असं पत्रक निघतं का कुठं? कागद चुरगाळून फेकला. आणि डॉक्टर दारात येऊन सांगत होते, "ती मेली तर ताबडतोब फोन करा. या प्रकाराच्या खुणा मागच्या लहान मेंदूत सापडतात आणि उन्हात तो लवकर विरघळतो. सावली आणि बर्फ, एवढं बघा. नमुना चांगला गेला तर उत्तर मिळेल आणि तुमच्या मावशीची सुटका होईल."

म्हणजे आता सगळं एका मेंढीच्या डोक्यावर आलं होतं.

त्याच आठवड्यात सकाळी ती मेली. डॉक्टर दूरच्या गावात लसीकरणाला गेले होते. त्यांनी सरांना फोनवर स्पष्ट सांगितलं: कापाकापी मीच करीन, तुम्ही फक्त हातमोजे घालून तिला सावलीत घ्या, डोक्याला बर्फ लावा. हातमोजे त्यांनी आधीच पंचायतीत देऊन ठेवले होते. सर मोटारसायकलवर गायरानापर्यंत गेले, रस्त्यावरूनच ओरडले, "कुणी हात लावायचा न्हाई! मावशे, तू बी न्हाई! हात लावला तर समदी मेंढरं जाळावी लागतील. माणूस पाठवतो."

आणि माणूस आणायला कोतवाल कुठं गेला? सरळ आमच्या बौद्ध वस्तीत, आमच्या दारात.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. अंगणात कुणाचा तरी पंप उघडून बसले होते.

"दादा, सरांनी सांगितलंय, एक माणूस द्या. मेंढी उचलायची हाय."

"कुठला माणूस?"

"वस्तीतला कुणी बी."

"वस्तीतलाच कामून?"

कोतवाल पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. "आता... पयल्यापासून तसंच..."

दादांनी पाना खाली ठेवला. "धर्मांतर झालं तवा मह्या बापानं मेलेलं ढोर ओढायचा दोर चौकात जाळला. गावानं लई दिवस कामाला बोलावलं न्हाई, तरी दुसरा दोर वळला न्हाई. जा, सांग तुह्या सरांना."

"दादा, म्हैस न्हाई ओ, मेंढीच हाय एवढीशी."

"एवढीशीच हाय ना? मंग उचला म्हणावं त्यांना."

कोतवाल गेला. वस्तीचा नकार एवढाच. दोन मिनिटं लागली असतील. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं सगळं खापर या दोन मिनिटांवर फुटलं.

मी सरांच्या घरी गेले. ते ओट्यावर फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होते.

"सर, चला. एक बाजू मी धरते, एक तुम्ही धरा. हातमोजे पंचायतीच्या कपाटात आहेत."

"अगं, तू भावनेच्या भरात बोलून राहिलीस. प्रश्न जातीचा नाहीच. जोखमीचा आहे. माझ्या घरात लहान लेकरं हाईत."

"आमच्याकडं काय दगडं हाईत?"

"तसं नाही ग. तुमच्या लोकांना अशा कामाची..." ते थांबले.

"सवय? बोला की. दादांनी जन्मभर गाड्यांची इंजिनं उघडली. मी जन्मभर कागद वाटले. मेंढीची सवय तुम्हालाच जास्त. दर रविवारी खाता."

सरपंचबाई आतून आल्या. हातात कपाटाची किल्ली. त्यांनी ती माझ्यापुढं धरली. सरांनी मधूनच घेतली आणि खिशात टाकली. "मी जळकोटहून माणूस बोलावतोय. येऊन राहिला."

तो माणूस आला नाही. मग म्हणे धर्माबादकडचा एकजण अशी कामं करतो, त्याचा नंबर शोधा. धर्माबाद! इतक्या लांबून माणूस बोलवायचा, पण स्वतः वाकायचं नाही. विज्ञान शिकवतात हे.

गायरानात मावशी अव्वापासून चार हात लांब बसून खडे मारून कावळे हाकलत होती.

"न्हाई लावला बाई हात," मला बघताच म्हणाली. "नाहीतर कवाच बाभळीखाली घेतली असती. समदी कुरी जाळतो म्हणले." कुरी म्हणजे मेंढरं. घाबरली की ती कानडीवर जायची. "किती ल्हेकरं दिली हिनं मला. आन आता उन्हात टाकली."

मी ओढणी खोचली. "मी घेते सावलीत. बघू कोण काय जाळतं ते."

तिनं माझं मनगट धरलं. हात कसले, पकड होती. "तू न्हाई. तुह्या बापानं ना म्हणलं ना? मग आज तू उचललीस की उद्या गावातलं समदं मेलेलं तुमच्या दारात. हिच्यापायी तुह्या बापाची मान खाली नको."

मग आम्ही दोघींनी तिचं घोंगडं चार टोकांना धरलं आणि अव्वाच्या डोक्यावर सावली केली. हात न लावता. ऊन सरकलं की आम्ही सरकायचो. बर्फ तर कुठला, गोळेवाल्याकडून सांगून आणवलेला पंचायतीत बादलीत वितळत होता. अव्वाचं पोट फुगत चाललं. पलीकडं कोकरं ओरडत होती आणि मावशी त्यांच्याकडं बघायचं टाळत होती. माझे खांदे भरून आले तेव्हा मी सरांना फोन लावला. "बघून राहिलोत," ते म्हणाले. काय बघून राहिले होते कोण जाणे. वर्ग चालू असल्यासारखा शांत आवाज.

डॉक्टर आले तेव्हा आमच्या सावल्या लांब झाल्या होत्या. मागोमाग सर आले.

"सावलीत का नाही घेतली?"

"माणूस मिळाला नाही," सर म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्याकडं पाहिलं. "तुम्ही होतात की."

डॉक्टरांनी पिशवीतून हातमोज्यांच्या दोन जोड्या काढल्या, एक मला दिली, एक सरांना. मी सरांकडं बघत थांबले. त्यांनी मोजे चढवले, एकेक बोट ओढून ओढून. मग मी अव्वाचं डोकं एका कानाशी धरलं, दुसऱ्या बाजूनं सरांनी. त्यांनी तोंड पलीकडं वळवलं होतं. मला वाईट वाटलं नाही. डॉक्टरांनी मान वेगळी केली, कवटी उघडली. मावशी पाठ करून उभी होती. आतून जे निघालं ते मेंदूसारखं राहिलं नव्हतं, ताकासारखं सुटलं होतं. डॉक्टरांनी जमेल तेवढं डबीत भरलं, बर्फात ठेवलं.

"पाठवतो," ते म्हणाले. "पण आशा धरू नका. सकाळी हीच डबी भरली असती तर गोष्ट वेगळी होती."

बाकीची अव्वा खोल खड्ड्यात गेली. खड्डा मावशीनं खणला.

म्हणजे उत्तर येणार कधी, नक्की नाही. येणार का, तेही नाही. आणि कोकरांना तर त्याच दिवशी पाणी हवं होतं.

गावचा हौद बंद होता. एक हौद उरत होता, आमच्या वस्तीचा. बोअरच्या टाकीला लागून जनावरांसाठी बांधलेला. दिवस मावळायच्या आत मी विहाराच्या अंगणात बायकांना गोळा केलं. मला वाटलं, इथं काय सांगायचं आहे? आपलीच माणसं.

पहिलाच प्रश्न माझ्या चुलतीचा. "शिवल्यानं होतं का ते?"

हा प्रश्न मी आमच्या वस्तीत, आमच्या विहारात ऐकला. माझ्या कानशिलात जाळ झाला. पण तिच्या कडेवर नातू होता.

"डॉक्टर म्हणतात, रानात एकीचा दुसरीला झाल्याचं ठामपणे दिसलेलं नाही. माणसाला झाल्याचं त्यांना माहीत नाही."

"मंग होत न्हाई, असं लिहून दे."

"तसं न्हाई देता येत, काकी."

"तू एवढे कागद लिहितीस अन् एक ओळ देता येईना?"

"खोटी ओळ देऊ का?"

कुजबुज झाली. काहीजणी उठायला लागल्या. मी बोलत राहिले. वाकडं प्रथिन, जुना प्रकार, विचित्र प्रकार, टोचलेला मेंदू, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पत्रक असतं तर पहिल्या ओळीलाच फेकलं असतं लोकांनी. शेवटी म्हटलं, "हौदात माणसाचं पाणी नसतं. नळाचं आपण भरतो. व्यालेल्या मेंढ्या गायरानातच राहतील, त्यांना बादलीनं तिथं नेऊ, कारण विताना पडतं त्याचीच जास्त भीती. बाकीच्या हौदावर येतील. मला एवढंच माहीत हाय."

मागून एक तरुण सून म्हणाली, तिच्या मनात काही वाईट नव्हतं, "मंग समद्याच मेंढरांसाठी लांब एक टोपलं ठेवू. आपण वरून, लांबून ओतायचं. हौदाला शिवायला नको त्यांनी."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तिला कळेना काय झालं. मग भिंतीला टेकून बसलेली थोरली आजी हसायला लागली. दात नसलेलं, खोकत खोकत हसू.

"लांबून ओत, माय. लई सोपं हाय. मव्हा सासरा असाच प्यायचा, ओंजळ धरून. पाटलीण वरून ओतायची अन् निम्मं त्याच्या कोपरावरून गळायचं. तू बी तशीच ओत. शीक."

सुनेनं तोंडावर पदर घेतला. दादा दाराशी उभे होते. ते वळले, टाकीकडं गेले आणि हौदाची तोटी पूर्ण उघडली. पाणी पडल्याचा आवाज विहारापर्यंत आला. काकीनं नातवाला खाली उतरवलं नाही, पण मावशीला बोलवायला तीच गेली.

मेंढरं आली तेव्हा आधी थांबली. पुढं अव्वा नव्हती ना. हौद समोर आणि एकही पुढं होईना. मावशीनं जिभेनं काहीतरी आवाज काढला, एकीला मानेला धरून पाण्याशी नेलं. मग बाकीच्या तुटून पडल्या. आम्ही बायका जरा लांब उभ्या होतो. धैर्य वगैरे नव्हतं, भीती होतीच. पण तोटी कुणी बंद केली नाही.

तपासणीचा कागद कितीतरी आठवड्यांनी आला. ऊती कुजलेल्या असल्यानं निष्कर्ष काढता येत नाही. बस. अव्वाला काय झालं होतं ते कुणालाच कधी कळणार नाही. तोवर कळपातली दुसरी एकही मेंढी डुलली नव्हती. मी डॉक्टरांना विचारलं, यावरून तरी काही म्हणता येईल? ते म्हणाले, इतक्यात नाही, हा रोग सावकाश येतो. गावात मात्र वस्तीनं माणूस दिला नाही म्हणून नमुना वाया गेला, असं अजून बोललं जातं. त्या दुपारी गावात हात असलेली किती माणसं घरात बसून होती, हे कुणी बोलत नाही.

त्या उन्हाळ्यात वस्तीच्या हौदावर आणि वस्तीच्या तुकड्या-तुकड्यांच्या वावरात मावशीनं कळप तगवला. पुढच्या सुगीनंतर तिला सरांचा फोन आला. रासायनिक खत परवडत नाही, जमीन कडक होऊन राहिली, मेंढरं बसवतीस का? ती आमच्याच अंगणात बसली होती तेव्हा.

"जाऊ नकोस!" मी म्हटलं. "त्यांनी तुला उन्हात..."

"मेंढरं काय हवेवर जगतेत का बाई?" ती म्हणाली आणि फोनमध्ये बोलली, "येते सर. पर आधी पाणी. गावच्या हौदावर. आन तोटी तुम्ही सोडायची, तुमच्या हातानं."

मी तिच्यासोबत गेले. सरांनी खाली वाकून तोटी सोडली आणि लगेच मागं सरकले. "झालं ना?" म्हणाले.

"न्हाई," मावशी म्हणाली. "उभं राहा. सगळ्यांचं होऊ द्या."

हौदाच्या काठाला काठी टेकून ती उभी राहिली, शेवटचं कोकरू तोंड वर करेपर्यंत. सरही उभे राहिले, घड्याळात बघत.